लडाखची शेती: संशोधन आणि शिक्षणाने आधी काय हाती घ्यावं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लडाखला जाऊन आलेली मंडळी, तिथे काम करू पाहणारे कृषी पदवीधर आणि पाण्याच्या प्रश्नावर काम करणारे कार्यकर्ते यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. माहिती जिथे पक्की आहे तिथे ती सरळ दिली आहे. कशाला प्राधान्य द्यावं हे सांगताना मात्र ते माझं मत आहे, असं समजूनच वाचावं.

त्या उघड्या डोंगरांत शेती होते तरी का?

होते, आणि शेकडो वर्षांपासून होते. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडतं. आपल्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातही याच्या कितीतरी पट पाऊस होतो. म्हणजे पावसावरची शेती तिथे अशक्यच. डोंगरातून बर्फाचं पाणी घेऊन नाला खाली उतरतो आणि गाळ टाकतो, तिथेच गाव वसतं आणि तिथेच शेत. एकूण भूभागाच्या एक टक्क्याहूनही कमी जमीन लागवडीखाली आहे, पण ती दगड वेचून, पायऱ्या बांधून, पाट खोदून पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेली आहे.

बहुतेक भागात हंगाम एकच. एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात पेरणी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काढणी. खलत्से, दाह-हनू अशा सखल आणि उबदार भागांत सातूनंतर (म्हणजे जवानंतर) कुट्टू, सलगम किंवा बारीक धान्याचं दुसरं पीक निघतं. वर चांगथांगच्या उंच पठाराकडे जावं तसं पीक कमी होत जातं आणि जनावरं वाढत जातात. त्सो मोरीरी सरोवराकाठच्या कोरझोकला तर साडेचार हजार मीटरच्या आसपास सातूची शेतं आहेत.

संशोधनाने सगळ्यात आधी कशाकडे बघावं?

एप्रिल आणि मे महिन्यातल्या पाण्याकडे.

लडाखमध्ये वर्षभराचं पाणी कमी आहे हे खरंच, पण शेतकऱ्याचा जीव अडकतो तो वेळेत. उंचावरच्या हिमनद्या जून उजाडल्यावर नीट वितळू लागतात. पेरणीचं आणि पहिलं पाणी हवं असतं त्याच्या महिना-दीड महिना आधी. या मधल्या काळात गाव अवलंबून असतं ते हिवाळ्यात खालच्या उतारांवर पडलेल्या बर्फावर. हिवाळा कोरडा गेला की नाल्यात पाणी नसतं. पेरणी लांबली की सप्टेंबरच्या थंडीत दाणा भरायच्या आत पीक गारठतं. हंगामच इतका आखूड आहे की पंधरा दिवसांचा उशीरही भरून निघत नाही.

आजवर लडाखच्या शेतीबद्दल सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ‘इथे आणखी काय काय पिकवता येईल?’ मला तो दुय्यम वाटतो. आधी विचारायला हवं ते हे: जे पिकतं आहे, ते घटत्या वसंतातल्या पाण्यावर आणि घटत्या माणसांवर टिकेल का? पुढची बरीचशी उत्तरं या प्रश्नाशीच येऊन थांबतात.

बर्फाचे स्तूप आणि कृत्रिम हिमनद्या आल्या ना? मग प्रश्न सुटला नाही का?

दोन्ही कल्पना अस्सल आहेत आणि दोन्ही लडाखी माणसांनीच काढल्या आहेत. चेवांग नोरफेल हे सरकारी खात्यातले सिव्हिल इंजिनिअर. हिवाळ्यात फुकट वाहून जाणारं नाल्याचं पाणी त्यांनी सावलीतल्या उतारावर वळवलं आणि दगडी बांधांच्या मागे थरावर थर गोठवलं. हा बर्फ गावाच्या जवळ, खऱ्या हिमनदीपेक्षा बराच खाली असतो, त्यामुळे तो आधी वितळतो, नेमका पेरणीच्या सुमारास. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी हे काम सुरू केलं. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३ च्या सुमारास याला वेगळं रूप दिलं. वरच्या अंगाने पाइप आणायचा आणि गावाजवळ तो उभा करायचा. उंचीच्या फरकाच्या दाबाने पाणी कारंज्यासारखं वर उडतं, कडाक्याच्या थंडीत खाली येता येता गोठतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत बर्फाचा उंच सुळका उभा राहतो. सुळक्याचा आकार निवडण्यामागे गणित आहे: बर्फ भरपूर, पण उन्हाला लागणारा पृष्ठभाग कमी. म्हणून सावलीची जागा नसली तरी चालतं.

प्रश्न सुटला का? काही गावांत मदत झाली आहे. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर संशोधनाचं खरं काम इथून पुढे आहे. गोठवलेल्या पाण्यापैकी शेतापर्यंत किती पोहोचतं? लडाखची हवा इतकी कोरडी आणि ऊन इतकं तीव्र असतं की बर्फाचा काही भाग पाणी न होताच वाफ होऊन उडून जातो. रात्री पाइप तुंबून गोठला तर उणे वीस अंशांत तो मोकळा करायला माणूस लागतो, आणि ते काम वर्षानुवर्षं कोण करणार, कुठल्या पैशातून? त्याच पैशात जुनं तळं दुरुस्त केलं असतं तर जास्त पाणी मिळालं असतं का? याची उत्तरं गावागणिक वेगळी निघतील. ती काढायची तर नाल्याचं पाणी रोज मोजायला हवं, निदान मार्च ते जून. हे काम दिसायला साधं आहे आणि त्याचा फोटो चांगला येत नाही, पण लडाखच्या शेतीला याहून जास्त उपयोगी अभ्यास मला तरी दुसरा दिसत नाही.

पाणी कुणाला किती, हे गावात कोण ठरवतं?

बऱ्याच गावांत हे काम ‘चुरपोन’ करतो. गावाने नेमलेला किंवा घरांमधून पाळीने येणारा हा पाणी-राखणदार. नाल्यातून निघणारा मुख्य पाट म्हणजे ‘मा-युर’, त्याच्या फांद्या म्हणजे ‘युर’, आणि रात्रीचं पाणी साठवायचं छोटं तळं म्हणजे ‘झिंग’. सकाळी चुरपोन झिंगचं तोंड उघडतो. पाण्यासोबत तो पाटाच्या कडेने खाली चालत जातो, शेतकरी फावड्याने दोन दगड आणि एक ढेकूळ गवत सरकवून बांध फोडतो, वाफा भरतो, आणि तोच दगड-गवताचा बूच परत जागेवर बसतो. मग पुढचं शेत. कुणाचा नंबर कधी, टंचाईच्या वर्षी कुणाला आधी, यात हक्क, रीत आणि समजूत अशा तिन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात.

धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीची ज्यांना माहिती आहे त्यांना यात ओळखीचं बरंच काही दिसेल. पांझरा-मोसमच्या बंधाऱ्यांवर पाटकरी ठेवून, सगळ्यांनी मिळून कुठल्या फडात कुठलं पीक घ्यायचं हे ठरवून पाणी वाटलं जाई. आपल्याकडे मोठे कालवे आणि विहिरी आल्यावर त्या व्यवस्थेचं काय झालं, हेही आपण पाहिलं आहे.

म्हणून माझा आग्रह असा की पाण्याच्या संशोधनात अभियंत्यासोबत समाजशास्त्राचा अभ्यासक हवा आणि दोघांच्या आधी चुरपोन हवा. नव्या पाइपलाइनमुळे वरच्या गावाने पाणी अडवलं असा खालच्या गावाचा समज झाला, तर चांगली योजनाही पहिल्याच वर्षी वादात सापडते.

ठिबक का करत नाहीत?

मराठी शेतकऱ्याचा हा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. भाजीपाला, जर्दाळू आणि सफरचंदाच्या बागा यांना ठिबक उत्तम चालतं आणि ते वाढतही आहे. अडचणी तीन. हिमनदीच्या पाण्यात पिठासारखा बारीक गाळ असतो. तो आधी संथावून आणि गाळून घेतला नाही तर ड्रिपर तुंबतात. हिवाळ्याआधी लॅटरल (ठिबकच्या नळ्या) रिकाम्या करून गुंडाळून ठेवल्या नाहीत तर आतलं पाणी गोठून त्या फुटतात. आणि सातूसारख्या दाट फोकून पेरलेल्या पिकाला ठिबक लावणं परवडतच नाही.

चौथी गोष्ट अडचण नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मातीच्या पाटातून झिरपणारं पाणी आपल्याला वाया गेलेलं दिसतं. त्याच पाझरावर पाटाच्या कडेची विलो आणि पॉपलरची झाडं उभी असतात. त्यांच्या खोडांनी आणि फांद्यांनी घरांची छतं बनतात. खालच्या अंगाचे झरेही बऱ्याचदा त्याच पाझरावर चालतात. पाट सिमेंटचा करण्याआधी हा हिशेब मांडायला हवा.

हिवाळ्यात हरितगृहात भाजी येते हे खरं का?

खरं आहे. लडाखमध्ये झालेल्या सर्वांत उपयोगी बदलांपैकी हा एक आहे.

इथल्या हरितगृहाला हीटर नसतो. पूर्व-पश्चिम लांब अशी खोली, तीन बाजूंनी मातीच्या विटांच्या जाड भिंती, आणि दक्षिणेकडे फक्त तिरका प्लॅस्टिकचा पडदा. भिंती दुहेरी, मधल्या पोकळीत भुसा किंवा गवत. लडाखला थंडी आहे तसं ऊनही आहे. जानेवारीतही दुपारी आत अंगातला स्वेटर काढावा लागतो. दिवसभर भिंती आणि जमीन ऊब पितात आणि रात्रभर ती सोडतात. सूर्य मावळायच्या आत दक्षिणेच्या पडद्यावर जाड कापड ओढायचं, सकाळी ऊन आलं की गुंडाळायचं. हे कापड ओढायचं काम चुकलं तर एका रात्रीत पालक काळा पडतो. बाहेर उणे वीस असताना आत पालक, कोथिंबीर, मेथी, कांद्याची पात उभी असते. जमिनीत खड्डा खणून त्यावर प्लॅस्टिक टाकण्याची आणखी स्वस्त पद्धतही चालते.

पूर्वी रस्ते बंद झाले की सहा महिने साठवलेला मुळा, सलगम, बटाटा आणि वाळवलेला पाला एवढ्यावर भागायचं. ताज्या पालेभाजीमुळे आहारात पडलेला फरक मोठा आहे. भाजी विकून बाईच्या हातात थेट पैसा येतो, हा दुसरा फरक.

आता पुढे काय हवं? अतिनील किरणांनी हे प्लॅस्टिक काही वर्षांत कडक होऊन फाटतं. फाटलेलं प्लॅस्टिक कुठे जाणार? नवं घ्यायला अनुदान नसेल तर सांगाडा उभा आणि पडदा फाटलेला, अशी स्थिती होते. टिकाऊ आवरण, जुन्या प्लॅस्टिकची परतफेड आणि बंद जागेत वाढणाऱ्या मावा-पांढऱ्या माशीचं सेंद्रिय नियंत्रण, या तीन गोष्टींवर काम व्हायला हवं. नव्या भाज्यांची यादी वाढवत नेण्यापेक्षा हे निकडीचं आहे.

लेहमध्ये कलिंगडं पिकतात म्हणे?

पिकतात. काळ्या प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली माती तापवून संरक्षण संशोधन संस्थेच्या लेहमधल्या शास्त्रज्ञांनी ते करून दाखवलं, शेतकऱ्यांनी उचललं, आणि पर्यटनाच्या हंगामात त्याला भावही मिळतो. कौतुक आहेच. फक्त अशा प्रत्येक पिकाच्या शिफारशीसोबत ‘एका किलोला पाणी किती आणि ते कुठल्या महिन्यात’ हा आकडा छापला जावा. जुलैत पाणी मुबलक असतं, तेव्हा कलिंगडाला देण्यात काही बिघडत नाही. मे महिन्यात मात्र तेच पाणी सातूच्या तोंडचं काढलेलं असतं.

सातू अजून कोण खातं? तांदूळ-गहू तर रेशनवर मिळतो.

हेच तर सातूच्या घसरणीचं मुख्य कारण. भाजलेल्या सातूचं पीठ म्हणजे ‘न्गाम्फे’. त्यावर, आणि सातू-वाटाण्याच्या मिश्र पिठाच्या ‘पाबा’वर, लडाख जगलं. रेशनचा स्वस्त तांदूळ आला, हाताला दुसरी कामं मिळाली आणि सातूचं क्षेत्र आक्रसत गेलं. पण सातू गेला की फक्त धान्य जात नाही. त्याचा पेंढा म्हणजे हिवाळ्यातला चारा. जनावरं गेली की खत गेलं, आणि खत गेलं की त्या वाळूमिश्रित, सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत भाजीही नीट येत नाही.

इथे वाण-संशोधकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. जास्त उत्पादनाचे वाण बहुधा बुटके असतात, कारण बुटकं पीक लोळत नाही. लडाखी शेतकरी दाण्याइतकंच पेंढ्याकडे बघतो. दाणा वीस टक्के वाढला आणि पेंढा निम्मा झाला, तर तो वाण त्याच्या दृष्टीने नापास. बिनसालीचा स्थानिक सातू, लवकर तयार होणारा, मे महिन्यातला एक पाण्याचा ताण सोसणारा आणि उंच पेंढ्याचा: असा वाण हवा. तो बाहेरून येणार नाही, तो गावोगावच्या जुन्या बियाण्यातूनच निवडावा लागेल. सोबत छोटं मळणीयंत्र हवं, कारण मळणीला आता घरात माणसं नाहीत.

जर्दाळूचं काय? आम्ही तिथून पाकिटं आणली होती.

भारतात सर्वाधिक जर्दाळू लडाखमध्ये होतो. कारगिल, शाम आणि नुब्राच्या गावांत एप्रिलमध्ये झाडं फुलतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये फळ तयार होतं. ‘हलमान’ वाळवायला नावाजलेला. ‘रक्त्से कार्पो’ला तर भौगोलिक मानांकनही आहे: याची बी पांढरी आणि आतला गर गोड, एरवी ती तपकिरी असते.

अडचण अशी की सगळं फळ दोन-तीन आठवड्यांत एकदम पिकतं. माणसं कमी, म्हणून झाड हलवून फळ खाली पाडतात. ते दगड-मातीवर आपटतं, फुटतं. मग घराच्या छतावर किंवा खडकावर उघड्यावर पसरतात. लडाखची दुपारची धूळ त्याच्यावर बसते, रंग काळपट होतो, आणि उत्तम चवीच्या फळाला बाजारात बाहेरच्या, पिवळ्याधमक, गंधक दिलेल्या जर्दाळूपुढे कमी भाव मिळतो. वाया जातं ते वेगळंच.

यावर लागणारं संशोधन अवघड नाही. झाडाखाली जाळी, फळ दोन भाग करून ट्रेवर ठेवणं, जाळीचं किंवा सौर वाळवणयंत्र, आणि प्रतवारी. तासगाव-सांगलीच्या बेदाणा शेडमध्ये हवा खेळती ठेवून, ऊन-धूळ टाळून माल वाळवण्याचं आणि रंग राखण्याचं जे कसब तयार झालं आहे, त्याची आणि लडाखच्या बागायतदारांची गाठ घालून द्यायला हवी. फळ वेगळं, हवामान वेगळं, पण शेड, ट्रे, प्रतवारी आणि लिलावाची शिस्त यांतलं बरंच काही उपयोगी पडेल.

ताज्या फळाचा प्रश्न निराळा. कॉडलिंग मॉथ ही सफरचंद-जर्दाळू पोखरणारी अळी लडाखमध्ये आहे. ती काश्मीर-हिमाचलच्या बागांत शिरू नये म्हणून लडाखच्या ताज्या फळांच्या वाहतुकीवर वर्षानुवर्षं बंधनं होती. अलीकडे ताजा जर्दाळू दुबईपर्यंत गेला आहे. हा रस्ता खुला ठेवायचा असेल तर गंध-सापळे, पडलेली फळं वेचून नष्ट करणं आणि गावपातळीवर एकाच वेळी सगळ्यांनी करायचं नियंत्रण हवं. एकट्या बागेत केलेला बंदोबस्त या किडीपुढे टिकत नाही. आणि फुलोऱ्यात येणारं दंव: कुठल्या वाड्यात थंड हवा साचते आणि कुठून ती निसटते, याचे गाववार नकाशे अजून व्हायचे आहेत.

सीबकथॉर्न खरंच ‘चमत्कारी’ आहे का?

फळात क जीवनसत्त्व भरपूर, मुळांच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात, काटेरी झुडूप मातीही धरून ठेवतं. एवढं पुरेसं आहे, चमत्काराची गरज नाही. २००१ मध्ये संरक्षण संशोधन संस्थेच्या तंत्रावर ‘लेह बेरी’ नावाचा रस बाजारात आला. आजही फळ मुख्यतः रानातून, काट्यांतून, काठीने झोडपून गोळा करतात. कमी काट्यांची झुडपं आणि हाती धरायचं साधं काढणी-अवजार हे खरे प्रश्न आहेत.

पश्मिना शेळ्या शेतीत धरायच्या का?

चांगथांगच्या लोकांसाठी तीच शेती आहे. चार हजार मीटरच्या वर, उणे तीस-पस्तीसपर्यंतच्या थंडीत वाढणाऱ्या चांगथांगी शेळीच्या अंगावरची आतली लोकर १२ ते १४ मायक्रॉनची असते, आणि ती थंडीमुळेच येते. २०१२ मध्ये काश्मीरच्या कृषी विद्यापीठाने ‘नूरी’ ही क्लोन केलेली पश्मिना शेळी जन्माला घातली, तेव्हा देशभर बातम्या झाल्या. वैज्ञानिक म्हणून ते मोठं यश होतं. पण पुढच्याच वर्षी, २०१३ च्या सुरुवातीला, चांगथांगमध्ये अवेळी दाट बर्फ पडला, कुरणं गाडली गेली आणि हजारो शेळ्या-करडं भुकेने मेली. चांगपा पशुपालकाला त्या वर्षी हवा होता तो साठवलेला चारा, पोचलेला अंदाज आणि करडांसाठी आडोसा. प्राधान्यक्रम ठरवताना या दोन वर्षांच्या बातम्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

जोडीला मुलांच्या शिक्षणाचा पेच आहे. शाळेसाठी मूल लेहच्या वसतिगृहात गेलं की ते कळपाकडे परतत नाही. कळपासोबत फिरणारी शाळा निदान उन्हाळी महिन्यांत करून बघायला हवी.

लडाख सेंद्रिय प्रदेश होऊ शकतो का?

होऊ शकतो, कारण रासायनिक खताचं प्रमाण मुळात कमीच होतं. तसं धोरणही आहे. पण सुपीकता कुठून येत होती हे विसरून चालणार नाही. लडाखी घरात वरच्या मजल्यावर कोरडा संडास असतो. मैल्यावर माती आणि राख टाकतात, खाली ते वर्षभर कुजतं आणि वसंतात शेतात जातं. पाण्याचा थेंब लागत नाही. लेहमध्ये पर्यटनासोबत फ्लशचे संडास आले. पाणी उपशाने येतं आणि खत नाल्यात जातं, दोन्हीकडून तोटा. कोरड्या संडासातलं खत पूर्ण निर्जंतुक व्हायला त्या थंडीत किती महिने लागतात, हॉटेलांसाठी त्याची सोयीस्कर रचना कशी करावी, यावर संशोधन झालं तर सेंद्रिय धोरणाला खरा पाया मिळेल. लडाखला पर्यटक म्हणून गेलात आणि होमस्टेमध्ये असा संडास दिसला तर तो आनंदाने वापरा.

तिथे संशोधन नेमकं कोण करतं?

सगळ्यात जुनं नाव लेहच्या संरक्षण उच्च-तुंगता संशोधन संस्थेचं. १९६२ च्या युद्धानंतरच्या काळात सीमेवरच्या जवानाला ताजी भाजी कशी मिळेल, या गरजेतून तिचं काम वाढलं. कोबी, गाजर, टोमॅटोवर इतकं काम झालं आणि सातूवर तुलनेने कमी, त्याचं मूळ बहुधा इथे आहे. चांग ला खिंडीजवळच्या कायम गोठलेल्या जमिनीत बियाणं साठवण्याची सोयही याच संस्थेच्या पुढाकाराने झाली. शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र स्टकना इथे आहे, कृषी विज्ञान केंद्रं लेह, न्योमा आणि कारगिलला आहेत. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेचंही लेहला प्रादेशिक केंद्र आहे. निर्णय घेणाऱ्यांत लेह आणि कारगिलच्या स्वायत्त पर्वतीय परिषदा आणि २०१९ पासून केंद्रशासित प्रदेशाचं प्रशासन येतं.

संस्था कमी नाहीत. त्यांच्या नोंदी एकमेकींना आणि शेतकऱ्याला सहज मिळत नाहीत, ही खंत आहे.

सैन्य माल विकत घेतं, मग बाजाराची काळजी कशाला?

लेह परिसरातल्या सहकारी संस्था सैन्याला भाजीपाला पुरवतात आणि त्याने अनेक घरं सावरली आहेत. पण एकच मोठा गिऱ्हाईक असला की वाण, दर, आकार सगळं तोच ठरवतो. श्रीनगर-लेह रस्त्यावरचा झोजिला बोगदा झाला आणि वर्षभर ट्रक येऊ लागले की श्रीनगरची भाजी जानेवारीतही लेहमध्ये स्वस्त मिळेल. त्या दिवसाची तयारी आज करायला हवी: साठवण, बियाणं आणि वाळवलेला माल.

बियाणं हा तर लडाखचा न वापरलेला ठेवा आहे. कोरड्या हवेत बियांवर रोग कमी, विषाणू पसरवणारा मावा कमी, आणि दोन खोऱ्यांमध्ये डोंगर असल्याने परपरागीकरणाची भीती कमी. कोबी-सलगमसारख्या पिकांना बी धरायला लागणारी थंडी फुकट. शेजारच्या लाहौलने बियाण्याच्या बटाट्यावर १९६० च्या दशकापासून सहकारातून मोठी मजल मारली. हे उदाहरण हाकेच्या अंतरावर आहे.

शेतीचं शिक्षण कुणाला द्यायचं? तरुण तर शेतात दिसत नाहीत.

जे शेतात दिसतात त्यांना. घरचा मुलगा टॅक्सी चालवतो, गेस्ट हाऊस बघतो किंवा लडाख स्काउट्समध्ये असतो. शेतात असते आई, आजी आणि उन्हाळ्यापुरते आलेले झारखंड, बिहार किंवा नेपाळचे मजूर. प्रशिक्षणाचं पत्रक मात्र इंग्रजी-हिंदीत निघतं आणि सही घरातल्या कर्त्या पुरुषाची लागते.

भाषेचा मुद्दा इथे फार मोलाचा आहे. लेहकडे लडाखी, कारगिलकडे पुरगी, द्रासला शिना, काही गावांत बल्ती, दाह-हनूला ब्रोकस्कत. आजीला ‘फेरोमोन ट्रॅप’ कळणार नाही, पण फळातली अळी तिला पुरती ठाऊक आहे. तिच्या बोलीत, तिच्याच अंगणात, सापळा हातात देऊन दाखवलं तर अर्ध्या तासात काम होतं. आकाशवाणीची लेह आणि कारगिल केंद्रं आजही घराघरांत ऐकली जातात, त्यांचा यासाठी आणखी उपयोग व्हावा.

दुसरं, वेळ. बाहेरचे तज्ज्ञ रस्ते उघडे असताना येतात, म्हणजे जून ते सप्टेंबर. नेमकी तेव्हाच लडाखी बाईला डोकं खाजवायला फुरसत नसते. शिकायला मोकळा काळ म्हणजे डिसेंबर ते मार्च. बुखारीभोवती (घर तापवणाऱ्या शेगडीभोवती) बसून बियाणं निवडणं, कलमं, हिशेब, औजारांची दुरुस्ती शिकता येते. शिकवणारे स्थानिक असतील तरच हे जमेल, म्हणून प्रशिक्षक घडवण्यावर खर्च व्हावा.

मजुरांनाही शिकवायला हवं. प्रत्यक्ष छाटणी आणि काढणी त्यांच्याच हातून होते, आणि बहुतेक कार्यक्रमांत त्यांचा उल्लेखही नसतो.

शाळेत शेती शिकवावी का?

हो. निदान गावचा नाला रोज मोजणं, पहिलं दंव आणि पहिलं फूल यांच्या तारखा लिहिणं एवढं तरी शाळेने करावं. वर सांगितलेली मार्च-जूनची पाणीनोंद मुलांइतकी नियमितपणे कुणी ठेवणार नाही.

मी महाराष्ट्रातून बीएस्सी कृषी केलं आहे. मला तिथे काही करता येईल का?

येईल, पण वाट नीट निवडा. केंद्रशासित प्रदेशाच्या सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांना मोठं आरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. तुमच्यासाठी खुले आहेत ते संशोधनाचे मार्ग: भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या परीक्षांतून पदव्युत्तर शिक्षण, संरक्षण संशोधन संस्थेच्या शिष्यवृत्त्या, किंवा तिथल्या स्वयंसेवी संस्थांसोबत एखादा हंगाम. अजैविक ताणावर काम करायचं असेल तर बारामतीजवळची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था घराजवळच आहे. दुष्काळ आणि थंडी यांत वनस्पतीचं शरीर जे करतं त्यात बरंच साम्य आहे, तिथला अभ्यास पुढे कामाला येईल.

विषय निवडताना नव्या पिकाच्या चाचणीचा मोह टाळा, त्या पुष्कळ झाल्या आहेत. जर्दाळूची काढणीपश्चात हाताळणी, गाळाच्या पाण्यातलं ठिबक, कमी पाण्यात सातू, भाजीपाला-बियाणं: यांपैकी काहीही घ्या. पहिला हिवाळा तिथेच काढा. उन्हाळ्यातलं लडाख बघून ठरवलेला प्रबंध जानेवारीत बदलावा लागतो. उंचीची सवय व्हायला पहिले दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या. आणि पोचल्यावर प्रयोगशाळेत जायच्या आधी गावच्या चुरपोनची वेळ घेऊन एक सकाळ त्याच्यासोबत पाटाच्या कडेने चाला. प्रश्नावली त्या दिवशी नेऊ नका.